मास्तरचे बासष्ट दिवस

११ नोव्हेंबर

शिवणकाकू, आधी चष्मा लावा. मग दार लोटून घ्या आणि ताईला सांगा की पत्र माझं आहे. ती म्हणेल, फाडून टाका. फाडू नका. मशीनच्या खणात ठेवा आणि दोन दिवसांनी परत विचारा. तिचा राग दोन दिवस कडक असतो, तिसऱ्या दिवशी त्यालाच कंटाळा येतो.

ताई,

मी जिवंत आहे. चौदा महिने सवड झाली नाही असं लिहिणार होतो, पण माझ्याकडे सवडीशिवाय दुसरं होतं काय? बर्फाच्या कारखान्यात होतो. मग होड्या रंगवल्या. मग एका ट्रकवर लागलो. तो ड्रायव्हर टायरांशी बोलायचा. "चल माझ्या राजा, एवढा चढ काढ." आणि मागचा डावा टायर फुटला तेव्हा खाली उतरून त्याला म्हणाला, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी हसून हसून लोळलो, तर दोन दिवस माझ्याशी अबोला. असो. ट्रकमध्ये खाद्याची पोती होती. ती उतरवायला इथे आलो.

इथे म्हणजे, जी कुत्री अंध माणसांना रस्त्यातून नेतात ती जिथे जन्मतात आणि शिकतात, ते केंद्र. हे वाक्य मी तीनदा खोडलं. तुला वाटेल मी तुझ्यासाठी शोधत शोधत आलो. छे, ट्रक आला म्हणून आलो. राहिलो ते मात्र मुद्दाम.

कारण मास्तर. मास्तर म्हणजे नऊ वर्षांचा, पिवळट बदामी रंगाचा कुत्रा. नाव कागदावर वेगळंच आहे, पण त्याने एकदा मान वळवून बघितलं की माणूस आपोआप सरळ उभा राहतो, म्हणून मास्तर. त्याची एक्केचाळीस पिल्लं आज कुठे कुठे कुणाचा तरी हात सांभाळत चालताहेत. गर्दीत बिथरत नाहीत, हॉर्नला दचकत नाहीत. हे शांतपण शिकवून येत नाही म्हणे, रक्तातच असावं लागतं. पण कामावर जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची नसबंदी करतात. म्हणजे एक्केचाळीसातल्या एकाकडूनही वंश पुढे जाणार नाही. सगळं मास्तरवर आलंय, आणि गेल्या दोन वेळा मास्तरकडून काही झालं नाही.

केंद्राच्या प्रमुख, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या मास्तरला निवृत्त करायला निघाल्या होत्या. कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक प्रयत्न करू. त्यांनी एक बाटली काढली. आत मधाच्या रंगाच्या गोळ्या, मऊ, बोटाने दाबल्या तर दबणाऱ्या. "रोज सकाळी एक. बासष्ट दिवस आणि वर थोडे. एकही दिवस चुकायचा नाही. कोण देईल?"

मी म्हणालो, मी देतो.

मोठ्या बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू परवा पोती उतरवायला आला होतास ना? कुठे सलग किती दिवस राहिलायस आजवर?"

"चाळीस," मी म्हणालो. खरं म्हणजे अडतीस.

आता त्या दिवसाबद्दल. बसथांब्यावर तुला "आलोच" म्हणालो ते येणारच होतो म्हणून. वाटेत एक ओळखीचा भेटला, त्याने गाडीत घातलं, बोलता बोलता लांब गेलो, मग फार उशीर झाला. एवढंच.

तुझा,
भिंगरी

३० नोव्हेंबर

काकू, पहिलं पत्र खणात असेल तर असू द्या, हेही त्यावर ठेवा.

ताई,

एकोणीस गोळ्या झाल्या. पहिल्या दिवशी मी गोळी पावाच्या तुकड्यात लपवली. मास्तरने पाव खाल्ला आणि गोळी माझ्या बुटावर ठेवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी खाली बसून सरळ सांगितलं, "मास्तर, हे औषध आहे. घ्या." घेतलं. त्याला लपवाछपवी आवडत नाही.

मागच्या वेळी एक लिहिलं नाही. गोळ्या सुरू करण्याआधी मास्तरच्या बीजाची तपासणी झाली. नमुना कसा घेतात ते (काकू, पुढची ओळ मनातल्या मनात वाचा) डॉक्टरीणबाई हातमोजा घालून घेतात आणि मास्तर त्या वेळी भिंतीकडे असं बघत उभा राहतो, जसा काही त्याचा या प्रकाराशी संबंधच नाही. झालं, काकू, मोठ्याने वाचा.

एक थेंब काचेवर घेतला. डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. मी विचारलं, मी बघू? त्या म्हणाल्या, बघ, पण श्वास काचेवर सोडू नकोस.

ताई, मी आजवर समुद्र पाहिला, बर्फाच्या लाद्यांचे डोंगर पाहिले. असं काही पाहिलं नाही. एका थेंबात एवढे जीव! प्रत्येकाला डोकं, प्रत्येकाला शेपूट. पण बरेचसे पडून होते. काही जागच्या जागी गोल फिरत होते. काहींची शेपटी मुडपलेली. शंभरातले तीसेक सरळ पोहत होते. "सत्तर तरी हवेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी विचारलं, गोळीने काय होतं? त्या म्हणाल्या, "लोखंडाला गंज कशाने चढतो?" हवेने, मी म्हणालो. "शरीरालाही तसाच चढतो. ज्या हवेवर आपण जगतो तीच आतून थोडी थोडी चावत असते. या जिवांची कातडी फार नाजूक, तेलकट, त्यांना आधी चावते. ई जीवनसत्त्व मध्ये उभं राहतं आणि चावा स्वतःवर घेतं." सोबत सेलेनियम नावाचं काहीतरी चिमटीच्या चिमटीएवढं. जास्त झालं तर तेच विष.

म्हणजे काकू, तुम्ही कात्रीला तेल लावून ठेवता ना, तसंच.

"मग गुण नक्की येणार?" मी विचारलं.

"मी देव नाही. कधी येतो, कधी नाही येत. मास्तरच्या शरीरात आज जो एक जीव घडायला लागेल, तो पुरा व्हायला बासष्ट दिवस जातील. तोवर आपण वाट बघायची."

बासष्ट दिवस! एवढासा, डोळ्याला न दिसणारा, आणि त्याच्यावर दोन महिने काम चालतं. तेही आत, अंधारात, कुणी न सांगता. मी आयुष्यात एका कामावर दोन महिने टिकलो नाही. त्या दिवशी मी मास्तरकडे बघून उगाच मान लववली.

१९ डिसेंबर

ताई,

अडतीस झाल्या. उद्या माझा विक्रम मोडेल. काकूंना सांग, पेढे नकोत, टाळ्या वाजवा.

थंडी भयंकर पडलीय. मास्तरचा मागचा खुबा दुखतो, उठताना कण्हतो. म्हणून मी त्याचं अंथरूण कपडे वाळवायच्या खोलीत हलवलंय. तिथे भिंतीच्या तळाशी, जमिनीलगत गरम पाण्याचा पाइप जातो. मी फळी टाकून, वर घोंगडी घालून बरोबर त्या पाइपवर त्याची गादी केली. माझीही शेजारीच. पाठ टेकताच झोप. पहिल्याच दिवशी मास्तरने असा सुस्कारा सोडला की मला माझाच अभिमान वाटला. कुणाला विचारलं नाही. चांगल्या कामाला काय विचारायचं?

तुझे पाय गार पडायचे. तू ते माझ्या पोटाला लावायचीस आणि मी ओरडायचो. मी सात वर्षांचा, तू बारा. आजारपणात डोळे जाऊन तू घरी आलीस आणि आईने माझा हात तुझ्या हातात दिला, तेव्हापासून चौदा वर्षं तो तिथेच होता. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

एक सांगायचं राहिलं. थांब्यावर कुणी ओळखीचा भेटला नव्हता.

२० जानेवारी

ताई,

परवा तपासणी झाली. शंभरातले एकोणीस.

तीसचे एकोणीस. सगळ्या गोळ्या देऊन.

मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "खरं सांग. गोळ्या दिल्यास?"

"एकूण एक."

"गोळ्यांच्या वहीत रोजच्या सह्या आहेत. एकाच दिवशी बसून केल्यास का?"

मला संताप आला. आयुष्यात एकदा खरं वागलो तर त्यावरच बोट! मी म्हणालो, मास्तरला विचारा. मोठ्या बाई म्हणाल्या, मास्तर बोलला असता तर तुला कशाला ठेवलं असतं.

डॉक्टरीणबाई मात्र मास्तरजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "हा झोपतो कुठे?"

मी मोठ्या ऐटीत दाखवलं. त्यांनी गुडघे टेकून घोंगडीखाली हात घातला. बराच वेळ तसाच ठेवला. मग मला म्हणाल्या, "तूही घाल."

उबदार होतं. छान उबदार.

"निसर्गाने सगळं महत्त्वाचं शरीराच्या आत ठेवलं," त्या म्हणाल्या. "काळीज बरगड्यांत, मेंदू कवटीत. मग नराची ही एकच पिशवी बाहेर का टांगली, विचार केलास कधी?"

मी नाही म्हणालो. कोण करतं असला विचार?

"थंड राहावी म्हणून. शरीराची ऊबसुद्धा तिला जास्त होते. तू महिनाभर तिला भट्टीवर ठेवलंस. मी आत गंज पुसत होते आणि तू खालून जाळ लावत होतास."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या हळूच बोलल्या. मास्तर मध्येच येऊन त्या गादीवर आडवा झाला आणि त्याने तसाच सुस्कारा सोडला.

मोठ्या बाईंनी निवृत्तीचा कागद काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी बासष्ट दिवस द्या. मोठ्या बाई म्हणाल्या, मास्तरसाठी निवडलेली काळी कुत्री मार्चअखेर माजावर येईल, तेवढीच मुदत. त्यानंतर नाही. आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "या वेळी दुसरं कुणीतरी बघेल."

२३ जानेवारी

काकू, हे पत्र ती नाही म्हणाली तरी वाचा. दाराबाहेर उभं राहून वाचावं लागलं तरी वाचा.

ताई,

परवा दुपारी मी पिशवी भरली. नवं काही नाही, मला पिशवी भरायला चार मिनिटं लागतात. फाटकापर्यंत मास्तर मागे आला, लंगडत. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बसा. आलोच."

तो बसला.

मी बसमध्ये चढलो. कंडक्टरने विचारलं, कुठे? एरवी मी म्हणतो, शेवटचा थांबा. या वेळी तोंडातून शब्द निघेना. मागचे लोक म्हणाले, अहो बोला की, तोंडात काय मिठाची गुळणी आहे का? तिसऱ्या थांब्यावर उतरलो आणि चालत मागे आलो. फाटकाशी पोचलो तेव्हा दोन तास उलटून गेले होते.

तो तिथेच होता. त्याच फरशीवर. स्वयंपाकघरातल्या बाईंनी जेवणाचं भांडं वाजवलं होतं, उठला नाही. कुणी पट्टा ओढून पाहिला, उठला नाही. मागचा पाय थरथरत होता. मी आलो तर उड्या मारल्या नाहीत, गुरगुरला नाही. हनुवटी माझ्या पावलावर ठेवली. बस.

दोन तास म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं दोन तास म्हणजे एक सिनेमा.

आता खरं लिहितो. त्या दिवशी थांब्यामागे जी पेपरची टपरी आहे, तिच्या आड मी दहा मिनिटं उभा होतो. तुला बघत होतो. तू पिवळी ओढणी घेतली होतीस, काठी घडी करून पर्समध्ये, कारण मी होतो ना. दोन बस आल्या, गेल्या. तू दोन्ही वेळा मान उचललीस. मग मी निघालो. कुणी भेटलं नाही, कुणी ओढून नेलं नाही. माझ्या पायांनी मी गेलो.

परत आल्यावर मोठ्या बाईंकडे गेलो. म्हणालो, वही मला द्या, सही मी करणार. त्या म्हणाल्या, "का?" मी म्हणालो, मी बसा म्हटल्यावर तो बसतो म्हणून.

वही दिली. आता मास्तर उत्तरेकडच्या खोलीत फरशीवर झोपतो. डॉक्टरीणबाईंनी दुखण्याला वेगळं औषध दिलंय. मी रोज दोनदा त्याची मांडी चोळतो. शेजारी झोपतो, पण घोंगडी मला एकट्याला.

८ फेब्रुवारी

भिंगरी,

मी सांगतेय, काकू लिहिताहेत. आधीची पत्रं मी ऐकली नव्हती. हे शेवटचं काकूंनी खरोखर दाराबाहेर उभं राहून वाचलं, जिन्यातले सगळे ऐकत होते. मग सगळीच ऐकली.

टपरीआड तू होतास हे मला सांगायची गरज नव्हती. तुझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, त्यात खिळा मारला होतास. तू या पायावरून त्या पायावर होतोस तेव्हा तो फरशीला लागतो. टिक. टिक. दहा मिनिटं मी ते ऐकत होते. हाक मारली असती तर तू आला असतास. जन्मभर आला असतास. म्हणून मारली नाही.

मग टिकटिक लांब गेली. तू गेलास ते मला कळलं. तरी दोन तास उभी राहिले. का, तर तू "आलोच" म्हणाला होतास. जाण्याचा राग नाही रे. "जातो" म्हणायचं होतंस.

दोन तासांनी काठी काढली. तीन चौक ओलांडून एकटी घरी आले. काकू दारात रडत होत्या. (मी रडत नव्हते, मला सर्दी झाली होती. – काकू.) आता रोज जाते. दवाखान्यात फोन घेते. माझ्या आवाजाला लोक घाबरतात म्हणे.

कुत्रा मला देऊ नकोस. माझी वाट मला पाठ आहे. पण आमच्या दवाखान्यात एक मुलगी येते, नुकतंच तिला दिसेनासं झालंय, भिंतीला धरून चालते. तिच्यासाठी मास्तरला थंड ठेव, गाढवा.

पुढे काय होतं ते कळव.

२८ मार्च

ताई,

काकूंना म्हणावं, उजवा हात मशीनवर ठेवून पायाने जोरात चालवा, आणि ताई, तू तुझा तळवा मशीनच्या लाकडावर ठेव. लहानपणी ठेवायचीस तसा. ते लाकूड जसं थरथरतं, एक क्षणही न थांबता, हजार टाके एकदम, तसं आज मी डोळ्याने पाहिलं.

सूक्ष्मदर्शकात आधी मीच बघायला गेलो, डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला केलं. मग बघितलं आणि त्यांनीच मला ओढून पुढे केलं. थेंब उकळत होता, ताई. पण शांतपणे. सगळे निघाले होते. कुठे जायचं ते कुणी सांगितलं नाही, रस्ता नाही, दिवा नाही, डोळे तर नाहीतच, आणि सगळे सरळ. मी श्वास रोखला होता. काचेसाठी नाही, आपोआप.

"अठ्ठ्याहत्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग पुन्हा मोजलं. "अठ्ठ्याहत्तर."

मी विचारलं, गोळीने झालं की थंडीने?

त्या हसल्या. "ते मला विचारू नकोस, आणि कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. एकाच कुत्र्यावरून काही सिद्ध होत नाही. जाळ काढला, तेल घातलं, दिवस जाऊ दिले. त्यातलं काय लागू पडलं ते मास्तरचं शरीर जाणे."

एवढं शिकलेली बाई "मला माहीत नाही" म्हणते आणि तिची मान खाली जात नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मोठ्या बाईंनी वही मागवली. सगळ्या सह्या चाळल्या. मग म्हणाल्या, "काळी परवा तयार होईल." आणि जाता जाता, "चाळीस दिवस म्हणाला होतास ना? खोटारडा." पण हसून.

४ जून

ताई,

झाली. सात! चार नर, तीन माद्या. पहाटे सुरुवात झाली, आठ वाजता सातवं आलं. सातवं हललं नाही. डॉक्टरीणबाईंनी ते माझ्या हातात टॉवेलसकट दिलं, "चोळ." मी मास्तरची मांडी चार महिने चोळली होती, हाताला सवय होती. चोळलं, चोळलं. मग माझ्या तळव्यात काहीतरी उचकी लागल्यासारखं झालं आणि ते असं किंचाळलं की काळीने मान वर केली.

हिशेब करून बघितला. काळीच्या पोटात ती त्रेसष्ट दिवस होती. म्हणजे बापाच्या शरीरात तो एक कण घडायला जवळजवळ तेवढेच दिवस गेले होते, जेवढे आईला अख्खं पिल्लू घडवायला लागले. मी हे सगळ्यांना सांगत सुटलोय. लोक म्हणतात, हो हो, माहीत आहे, बाजूला हो. माहीत असूनही ही माणसं शांतपणे चहा कशी पितात?

आणि दुसरं ऐक. सगळी आंधळी जन्मतात. डोळे घट्ट मिटलेले, दहा-बारा दिवस उघडत नाहीत. कानही बंद. पुढे जी माणसांना रस्ता दाखवणार, ती आज नाकाने आणि उबेने आईपर्यंत जातात, अडखळत, एकमेकांवरून गडगडत, आणि पोचतात. एकही चुकलं नाही. इथे मात्र दिवा लावून ऊब द्यावी लागते. मी दिवा लावायच्या आधी तीनदा विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लाव रे बाबा, आता लाव."

मास्तरला आणून दाखवलं. त्याने टोपलीत नाक घालून हुंगलं आणि भिंतीकडे बघत उभा राहिला, जसा काही त्याचा या प्रकाराशी संबंधच नाही.

शिकून तयार व्हायला दीडदोन वर्षं लागतील. तुझ्या दवाखान्यातल्या मुलीला अर्ज पाठवायला सांग, कागद सोबत ठेवलाय. सगळीच पास होत नाहीत. त्या सातव्यावर माझा जीव आहे, पण तो बहुतेक नापास होणार, इतका हट्टी आहे.

मला चार दिवसांची रजा मिळाली. मंगळवारी सकाळी अकराला त्याच थांब्यावर उतरेन. शुक्रवारी पिल्लांसाठी परत जातो. आत्ताच सांगून ठेवतो, जातो.

तू घ्यायला लवकर येऊन उभी राहू नकोस. दवाखान्यातलं काम संपव, फोन घे, लोकांना घाबरव, मग काठी घेऊन तुझ्या चालीने ये. किती का वेळ लागेना. या वेळी थांब्यावर मी उभा राहीन. चप्पल तीच आहे, खिळा अजून वाजतो.

तुझा,
भिंगरी